कामठ्यातले एकशे अडतीस घोडे

कोल्हापूरहून गोंदियाला एक रेल्वे थेट जाते. राज्याच्या ह्या टोकाला बसायचं आणि त्या टोकाला उतरायचं. मधल्या प्रवासाबद्दल मी काही लिहिणार नाही, ते माझ्या कमरेला विचारा. गोंदियाकडे लोक जातात ते तळी बघायला, जंगल बघायला, सारस बघायला. मी गेलो होतो डायनो बघायला, आणि अजून ते चार दिवस आठवले की माझा उजवा पाय आपोआप अ‍ॅक्सिलेटर शोधतो.

ज्यांना डायनो म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. माझं कोल्हापुरात गाड्यांची ताकद वाढवून देण्याचं गॅरेज आहे. एखाद्या गाडीचा हेड घासला, सायलेन्सर बदलला, तिच्या कॉम्प्युटरमधले पेट्रोलचे आणि ठिणगीचे आकडे फिरवले, की गिऱ्हाईक विचारतं, "किती वाढली?" तोंडानं काहीही सांगता येतं. खरं सांगायचं तर गाडीला काट्यावर चढवावं लागतं. तो काटा म्हणजे डायनो. गाडी जागच्या जागी उभी, चाकं लोखंडी रोलरवर, आणि आत बसलेल्यानं पाय दाबायचा. चाकांपर्यंत किती अश्वशक्ती पोचली ते यंत्र सांगतं. अश्वशक्ती हा शब्द गोंदियात कुणी वापरत नाही, तिथं सरळ घोडे मोजतात.

धनश्री रहांगडाले माझ्याकडे काही वर्षं कामाला होती. इंजिनिअर, हट्टी, आणि इंजिनाच्या आवाजावरून रोग ओळखणारी. लग्नाला गेली तरी वरातीच्या जीपखाली डोकं घालेल अशी मुलगी. मग एक दिवस म्हणाली, गावी जाते, स्वतःचं टाकते. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. यंदा दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला.

"सर, दोन मशीन पाहून ठेवल्या. एक घ्याची हाये. तुमी या न जी, माह्यानं एकटीनं ठरवनं होऊन नाई राहिलं."

फुलचूर

स्टेशनवर ती तिची लाल गाडी घेऊन उभी होती. जुनी हॅचबॅक, रंग उडालेला, पण सुरू केली की शेजारच्या रिक्षावाल्यानं मान वळवली. हे इंजिन तिनं स्वतः उघडून, घासून, पुन्हा बांधलं होतं. अख्ख्या गावात तिनं सांगून ठेवलं होतं की हिच्यात एकशे तीस घोडे आहेत.

बाहेर पडताच एका टपरीवर आलूबोंडा खाल्ला. इकडं आलूबोंडा कोरडा देत नाहीत, वाटीत ठेवून वरून लालभडक रस्सा ओततात. मी कोल्हापूरचा, रश्शाच्या बाबतीत आम्ही कुणाला मोजत नाही. पण दुसरी वाटी मागितली हे खरं. टपरीवाल्यानं विचारलं, "कहाँ से आए?" मी म्हणालो, कोल्हापूर. "अच्छा, चप्पलवाला कोल्हापूर!" म्हणून त्यानं वाकून माझे पाय बघितले. पायात बूट होते. बिचाऱ्याची निराशा झाली. गोंदिया शहरात मराठी माणूसही मराठी माणसाशी हिंदीत बोलतो. माझी हिंदी ऐकून मात्र ते लगेच मराठीत येत होते.

फुलचूर म्हणजे शहराला चिकटलेली वस्ती. तिथं तिच्या वडिलांचं, खेमराजजींचं, गोदाम आहे. खेमराजजी दवनीवाड्याचे धानाचे शेतकरी. उंच, सडसडीत, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी गोदामाच्या दारात चपला काढल्या. मीही घाईनं बूट काढले. धान ठेवायच्या जागेत पायताण घालून जात नाहीत, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आत फरशी कसली, आरसा होता. गुळगुळीत सिमेंट, एक भेग नाही. पोतं ओढलं तर घसरत दुसऱ्या भिंतीला जाईल.

"मागच्या सालीच केली," ते फरशीवर तळपाय फिरवत म्हणाले. "एक व्यापारी मांगून राहिला. संक्रांतीपासून देतो म्हनलं. तवापर्यंत हिचं काय ते ठरू द्या."

मुलीसाठी त्यांच्या अटी दोनच. यंत्र बोलेल ते खरं पाहिजे, आणि फरशी फोडायची नाही.

गाडीत बसल्यावर धनश्री मला हळूच म्हणाली, "गोदाम नाई भेटलं त मी वापस नोकरीवर, सर. गावात अशी दुसरी जागा नाई, तीन फेजची लाईन, उंच दरवाजा. आन नोकरीवर गेली की मी काही परत येत नाई. मले माहीत हाये."

पहिलं यंत्र जवळच होतं. एक बंद पडलेलं ट्रकचं वर्कशॉप, मालक नागपूरला निघून गेलेला, किल्ली धनश्रीकडं. ताडपत्री ओढली आणि मी मोठ्यानं शिट्टी वाजवली. ब्रेकचा डायनो! म्हणजे रोलरला विजेचा ब्रेक जोडलेला. गाडी कितीही जोर लावो, हे यंत्र तिला एका वेगावर धरून ठेवू शकतं, घाट चढताना गाडी दमते तसं. दिसायला मात्र बेढब. सगळीकडं ऑइलचे डाग, पडदा जुन्या टीव्हीएवढा, हवेचं तापमान भिंतीवरच्या पाऱ्यात बघून हातानं भरायचं. आणि ते जमिनीत खड्डा करून बसवलेलं होतं. रोलर जमिनीच्या पातळीत यावे लागतात, खाली काँक्रीटचा पाया लागतो. दुसरीकडं नेलं तर तिथंही खड्डा लागणारच.

ब्रेकची वायर उंदरांनी कुरतडली होती. त्यामुळं धरून ठेवायचं काम बंद, नुसतं एका दमात वरपर्यंत पळवून आकडा घेता येत होता. लाल गाडी पट्ट्यांनी जखडली. धनश्री आत बसली, मी बाहेर पंखा धरून. तिनं पाय दाबला आणि सगळं वर्कशॉप हादरलं, पत्र्यावरची कबुतरं उडाली. काय आवाज होता! मी ओरडत होतो, कुणाला ऐकू येत नव्हतं.

पडद्यावर आकडा आला. एकशे बारा.

तिनं तो दोनदा वाचला. "पट्टे ढिले असतील," मी म्हणालो. "टायर घसरत असतील. जुनं यंत्र आहे."

"असन," ती म्हणाली. पण चेहरा पडला तो पडलाच.

कामठा

दुसरं यंत्र रायपूरहून येणार होतं. तिवारीजी नावाचे गृहस्थ ते ट्रेलरवर घेऊन गावोगाव फिरतात. नवं कोरं, निळं, एक जाडजूड लोखंडी ड्रम आणि मोठा रंगीत पडदा. याचं तत्त्व सोपं. ड्रमचं वजन माहीत, गाडी तो ड्रम किती झपाट्यानं फिरवते त्यावरून ताकद कळते. ब्रेक नाही, खड्डा नाही. ट्रेलर गोदामात ढकलला की झालं. म्हणजे खेमराजजींची दुसरी अट आपोआप पुरी होणार होती.

प्रात्यक्षिक ठेवलं कामठ्याला, तिच्या चुलतभावाच्या, हिवराजच्या, भातगिरणीत. का, तर तिथं पक्कं आवार होतं आणि भरवशाची वीज होती. शिवाय हिवराजला गर्दी जमवायला आवडतं. आम्ही सकाळी निघालो तेव्हा थंडी अशी की काच उघडली की नाक गेलं. दोन्ही बाजूला कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची छोटी छोटी बांध घातलेली शेतं. आमच्याकडं ऊस डोक्यावरून जातो, रस्त्यावरून शेत दिसतच नाही. इथं नजर सरळ क्षितिजापर्यंत पळते. एका बांधीत सारसांची जोडी उभी होती. माणसाएवढे उंच, लाल मुंडी, आणि गाडीच्या आवाजाकडं ढुंकूनही बघितलं नाही. माझ्या आयुष्यात आमच्या सायलेन्सरचा इतका अपमान कुणी केला नव्हता.

गिरणी उसन्या तांदळाची. धान आधी हौदात भिजवायचं, मग वाफेवर शिजवायचं, मग वाळवून भरडायचं. हंगाम ऐन भरात होता. हौदांतून वाफेचे लोट निघत होते आणि सगळ्या आवाराला गरम भाताचा वास सुटला होता. मला सकाळी सकाळी भूक लागली. हिवराजनं चहा दिला, वर लाखोळीच्या डाळीचे वडे दिले, आणि पुढं होऊन सगळी मांडणीही स्वतः करून दिली. ट्रेलर मोठ्या फाटकाच्या तोंडाशी लावला, गाडीचं नाक बाहेरच्या गार वाऱ्याकडं. तिवारीजींनी एक छोटी पेटी काढली. ही हवा मोजते. हवा गरम, ओली असली की इंजिनाची ताकद घटते. म्हणून यंत्र पेटीतला पारा आणि ओलावा बघून आकड्यात तेवढी भर घालतं, म्हणजे मे महिना आणि डिसेंबर एका पातळीवर येतात.

"पेटी खाली नोको ठेवू जी, गायी फिरतेत, तुडवन," म्हणून हिवराजनं ती उचलून मागच्या भिंतीवरच्या खुंटीला अडकवली. त्याच खुंटीला त्याचा डबा असतो. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, माझ्या तोंडात वडा होता.

बघ्यांची ही गर्दी. गिरणीवरचे लोक, दवनीवाड्याचे पाहुणे, रस्त्यानं जाणारे दोन ट्रॅक्टरवाले. खेमराजजी खुर्चीवर, दुपट्टा सावरून. धनश्रीनं गाडी ड्रमवर चढवली. पट्टे आवळले, मला मान हलवून खूण केली, आणि पाय दाबला.

मी चाळीस वर्षांचा असताना पहिला डायनो बघितला, तेव्हापासून हा क्षण कधी जुना झालेला नाही. इंजिन आधी कण्हतं, मग गातं, मग किंचाळतं, आणि शेवटी छातीत ढोल वाजतो. ड्रम गरगर फिरला. मोठ्या पडद्यावर लाल रेघ सरसर चढली आणि आकडा आला.

एकशे अडतीस!

"अब्बे, एकशे अडतीस घोडे!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या, शिट्ट्या. मी तर नाचलोच, लपवण्यात अर्थ नाही, कारण हिवराजकडं त्याचा व्हिडिओ आहे. धनश्री गाडीतून उतरली ती हसत आणि डोळे पुसत. "मैंने कहा था ना," तिवारीजी म्हणाले, "मशीन झूठ नहीं बोलती।" खेमराजजी उठले, लेकीच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, "आमचे पुरखे माळव्याहून बैलगाड्यानं आले. इतके घोडे कोनापाशी नोयते. घे बाई, ही मशीन घे. गोदाम तुवं."

झालं! गोदाम मिळालं, फरशी वाचली, आकडा मिळाला. हिवराज पेढे आणायला माणूस धाडायच्या बेतात होता.

धनश्री मात्र पडद्याकडं बघत राहिली. हसू हळूहळू उतरलं. मला ती नजर ओळखीची आहे. गॅरेजमध्ये ती अशी बघायला लागली की मी चहा सांगायचो, कारण आता तासभर काही खरं नाही.

"काल एकशे बारा, आज एकशे अडतीस," ती मला म्हणाली. "दोन काटे, दोन वजनं. सर, बाबूजी धान विकाले गेले की आधी सोता काट्यावर उभे राह्यते. आपलं वजन त्यायले माहीत असते. काटा बरोबर बोलला तरच पोतं ठेवते."

"मग?"

"मग बाबूजीची गाडी आनते."

खेमराजजींची पांढरी गाडी कंपनीतून आली तशीच्या तशी आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, इंजिनाची ताकद अठ्ठ्याऐंशी. इंजिनातून चाकापर्यंत येताना गिअर, शाफ्ट यांत थोडी ताकद वाटेत जातेच, त्यामुळं चाकांवर पंचाहत्तरच्या आसपास दिसायला हवी. हे मलाही ठाऊक होतं, नवी गोष्ट नव्हती. पण लोक पेढ्यांची वाट बघत असताना ते करून बघायची हिंमत मला झाली नसती.

"कायले आता?" हिवराज चिडला. "झालं न सारं?"

"बस, एक डाव," ती म्हणाली.

पांढरी गाडी ड्रमवर चढली. पडद्यावर आलं ब्याण्णव.

काही जणांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. खेमराजजीही खूश झाले, आपली गाडी अशी निघाली म्हणून. धनश्रीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. 

"कंपनी म्हनते, इंजिनात अठ्ठ्याऐंशी. मंग चाकावर ब्याण्णव कुठून येइन? असं होतच नाई. ही मशीन जास्त सांगून राहिली. माह्या गाडीचे एकशे अडतीस पन खोटे हायेत."

मागं हौदांतली वाफ फुसफुसत होती. तिवारीजी लाल झाले. हिवराज म्हणाला, "आपलाच आकडा कोनी कमी करते काय?" मी खेमराजजींकडं बघायचं टाळलं. नुकतंच चार लोकांत दिलेलं गोदाम तिनं स्वतःच्या तोंडानं परत केलं होतं, असंच मला वाटलं.

मग मात्र माझं डोकं चालू झालं. यंत्र नवं, ड्रम ठीक, मग भर कुठून येते? भर घालते ती हवेची पेटी. मी मागं वळून बघितलं. पेटी खुंटीवर होती, आणि खुंटीच्या बरोबर खाली वाफेचा हौद! पेटी घामानं निथळत होती. गाडी फाटकातली गार हवा पीत होती, आणि पेटी यंत्राला सांगत होती की इथं मरणाचा उकाडा आहे, ह्या बिचाऱ्या इंजिनाला भर घाला. जगात कुठल्याही देशातल्या डायनोवाल्यानं ही चूक केली नसेल. त्यासाठी उसन्या तांदळाची गिरणी लागते, आणि पेटीला गायींपासून वाचवणारा चुलतभाऊ लागतो.

मी पेटी पुसून गाडीच्या नाकाशी आणून धरली. पुन्हा दोन्ही गाड्या चढवल्या. पांढरी पंचाहत्तर. लाल एकशे तेरा.

"देखा?" तिवारीजींचा जीव भांड्यात पडला. "मशीन सच्ची है।" आणि ते खरंच होतं. यंत्राची काही चूक नव्हती. हिवराज खुंटीकडं बघत डोकं खाजवत राहिला. टाळ्या मात्र आता कुणी वाजवल्या नाहीत.

दवनीवाडा

संध्याकाळी दवनीवाड्याला जेवायला. मोठं गाव, घरापुढं तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग. धनश्रीची आई शेजारणीशी पोवारीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत, बोलत होती, ते मला चार शब्दांत एक कळत होतं, आणि तो एक शब्द बहुतेक माझ्याबद्दल असावा. ताटात उसना भात, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, जवसाची चटणी. आमच्याकडं भात शेवटी येतो, तोंड पुसायला आल्यासारखा. इथं भातच नवरदेव, बाकी सगळी वरात. दाणा दाणा मोकळा, आणि आजारी माणसाचा भात म्हणून मी उसन्याला जे नाव ठेवत आलो होतो ते मागे घेतलं. तिसऱ्यांदा वाढताना त्या माउलीनं विचारलंही नाही.

 हात धुतल्यावर खेमराजजींनी विषय काढला.

"तू लोकायत खरं बोलली, ते बरं केलं. पन आता दोनी मशीन सारख्याच बोलून राहिल्या. एक बारा, एक तेरा. मंग तिवारीजीची घे न. फरशी फोडायची कायले?"

प्रश्न बिनतोड होता. मी धनश्रीकडं बघितलं. माझ्या मनात उत्तर होतं, पण गॅरेज तिचं, घर तिचं, मी मध्ये पडायला नको होतं.

"मोजाले दोनीही चालते, बाबूजी," ती म्हणाली. "पन माह्यं काम मोजायचं नाई. गाडी सुधरवायचं हाये. त्यासाठी ती धरून ठेवनारीच पाहिजे, जुनी."

"काऊन?"

"सांगून नाई समजन. तुमी उद्या गाडीत बसा."

"खड्डा केला त मंग तिथ पोतं राहत नाई," ते म्हणाले. "व्यापारी घेत नाई. जन्माचं जाते ते गोदाम."

"माहीत हाये," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

पुन्हा फुलचूर

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी वर्कशॉपमधली उंदरांनी खाल्लेली वायर बदलली. बदलताना मला एक सणसणीत झटका बसला आणि मी जे शब्द उच्चारले ते कोल्हापूरच्या पंचक्रोशीबाहेर छापता येणार नाहीत. पण ब्रेक जिवंत झाला. चाचणीला रोलर फिरवून ब्रेक दिला, तर तो कचकन थांबला. मी त्या ऑइलकट लोखंडाला चक्क थोपटलं.

खेमराजजी आले. लाल गाडी रोलरवर, धनश्री चालवायला, शेजारी तिचे वडील, मांडीवर दुपट्ट्याची घडी. मी खिडकीशी, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेला लॅपटॉप घेऊन उभा.

तिनं गाडी वेगात आणली आणि ब्रेकनं ती तिथंच धरली. पाय दाबलेला, इंजिन जोर लावतंय, पण वेग वाढत नाही. डोंगर चढतोय आणि डोंगर संपत नाही, असं. काही क्षण गेले. मग इंजिनाच्या गडगडाटाखालून एक बारीक आवाज आला. टिक टिक टिक. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा.

धनश्रीचे डोळे चमकले. "आयकला?" ती ओरडली.

"कोन वाजून राहिला तो?" खेमराजजी ओरडले.

वेळेआधी पेट्रोल भडकतंय! ठिणगी थोडी लवकर पडत होती, आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडीचे घाव बसत होते. मी लॅपटॉपवरून ठिणगी थोडी मागं घेतली. आवाज कमी झाला. ती ओरडली, "आनखी, सर!" आणखी मागं घेतली. टिकटिक थांबली. फक्त इंजिनाचा स्वच्छ, भरलेला आवाज. माझ्या अंगावर काटा आला. ती स्टिअरिंगवर थाप मारत हसत होती.

"आता कुठ गेला?" खेमराजजींनी विचारलं.

"काढला!"

"काल कामठ्याले होता?"

"होता, बाबूजी. पन तिथ गाडी खालून वर सुटली की संपली. ह्या वेगावर ती डोळ्याची पापनी लवते तितकीच होती, मंग आवाज आयकू कसा येइन? मी तशीच हायवेवर नेली असती त पिस्टन फुटला असता. गिऱ्हाइकाची असती त त्याचा फुटला असता."

 ते गाडीतून उतरले नाहीत. "आनखी कर," म्हणाले. मग आम्ही वेग बदलत, धरत, ऐकत, एकेक जागा दुरुस्त करत गेलो. पुढं पुढं तर आधी खेमराजजीच बोट वर करून सांगायचे, "हे पाह्य, वाजला." दोनदा तो आवाज पंख्याचा निघाला, पण त्यांचा उत्साह पाहून मी ते सांगितलं नाही. शेवटी गाडी एका दमात पळवून आकडा घेतला. एकशे दहा.

"दोन घोडे पळाले," मी म्हणालो.

"पळू द्या," धनश्री म्हणाली. एकशे अडतीसला ती हसली होती, त्याहून जास्त आता हसत होती.

खेमराजजी गाडीतून उतरले आणि तडक रस्त्याला लागले. आम्हाला वाटलं चहाला गेले. पट्टे सोडून, यंत्र झाकून आम्ही गोदामाकडं आलो, तर दार सताड उघडं. आत ते त्या गुळगुळीत फरशीच्या मधोमध उभे. हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. कुठल्या तरी बांधकामावरून मागून आणलेली असणार.

"किती लांब, किती रुंद?" त्यांनी विचारलं.

 मी पावलांनी मोजून दाखवलं. त्यांनी दुपट्टा डोक्याला बांधला, सब्बल दोन्ही हातांनी उचलली आणि घातली. एवढीशी खूण उमटली. दुसऱ्या घावाला टवका उडाला. तिसऱ्याला ती आरशासारखी फरशी इकडून तिकडं तडकली.

"पाहून काय राहिली?" ते लेकीला म्हणाले. "दुसरी सब्बल आन."

पण ती जागची हलली नाही. ती त्या तडकलेल्या फरशीवर मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मग दुसरी सब्बल मी आणली.